गोठलेले तुषार: हिवाळ्यात धबधब्याचे फोटो काढायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धबधबा म्हटलं की आपल्याला पावसाळा आठवतो. ठोसेघर, लिंगमळा, देवकुंड, सगळी गर्दी जून ते सप्टेंबर, आणि उन्हाळा जवळ येईपर्यंत बहुतेक ठिकाणी नुसता कोरडा कातळ. त्यामुळे आपल्याकडच्या फोटोग्राफरला जे धोके ओळखता येतात ते पावसाळ्याचे. हिरव्या शेवाळावर पाय द्यायचा नाही, डोंगरमाथ्यावर ढग दाटले की ओढ्यातून बाहेर यायचं, पाणी गढूळ झालं की लगेच निघायचं. सह्याद्रीत बरीच वर्षं हिंडून मी एवढं शिकलो होतो आणि त्याच भांडवलावर एका फेब्रुवारीत आइसलँडला गेलो. तिथल्या स्कोगाफॉस धबधब्यासमोरच्या पहिल्या चाळीस मिनिटांत एक फिल्टर लेन्सवर गोठून बसला, ट्रायपॉडचे पाय मिटेनात आणि उजव्या हाताची दोन बोटं संध्याकाळपर्यंत बधिर राहिली. पडलो नाही, हे केवळ नशीब.

शेवाळ निदान हिरवं दिसतं. ओल्या काळ्या दगडावर चढलेला बर्फाचा पातळ थर मात्र ओल्या काळ्या दगडासारखाच दिसतो. आणि तो थर आभाळातून पडत नाही, धबधबाच तयार करतो. धारेतून उडालेले तुषार वारा नेईल तिथे जाऊन बसतात आणि गोठतात, मग ती पायवाट असो, कठडा असो, लेन्स असो की तुमच्या हातमोज्याची शिवण. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात. उदाहरणं दक्षिण आइसलँडची घेतली आहेत, कारण तिथले मोठे धबधबे हिवाळ्यातही वाहते असतात, हमरस्त्याला लागून असतात आणि म्हणूनच नवखी माणसं तिथे बेसावध सापडतात.

पायरी १: रोज सकाळी हवामान, रस्ता आणि उजेड बघा

आइसलँड म्हणजे उणे तीस, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात राजधानी रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. हे ऐकून हायसं वाटतं, पण खरी मेख तिथेच आहे. एकाच दिवसात पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं आणि वाटेवर काच पसरल्यासारखी होते. लेहची कोरडी थंडी सोसलेल्या माणसालाही ही ओली थंडी वेगळी पडते.

तापमानापेक्षा वारा आधी बघायचा. तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा देतात. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. म्हणजे १५ हा आकडा दिसायला किरकोळ, पण तो ताशी ५४ किलोमीटरचा वारा. अशा वाऱ्यात उणे पाच तापमान अंगाला उणे पंधरासारखं लागतं, आणि तेही कोरड्या अंगाला. माझा स्वतःचा नियम असा, की १५ च्या वर ट्रायपॉड गाडीतच राहतो आणि २० च्या वर मीच खोलीत राहतो. हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. नवख्या माणसाने नारिंगीला लालच समजावं.

रस्त्याची स्थिती वेगळ्या संकेतस्थळावर असते, आणि प्रवाशांसाठी ‘सेफट्रॅव्हल’ नावाचं एक संकेतस्थळ तिथली बचाव संघटना चालवते. या संघटनेचे बचावकर्ते स्वयंसेवक असतात, आपापला कामधंदा सोडून धावून येतात. आपत्कालीन क्रमांक ११२. तो फोनमध्ये साठवून ठेवा, आणि सोबतच्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

उजेडाचा हिशेब पक्का करा. २१ डिसेंबरच्या सुमारास रेक्याविकला सूर्य ११ वाजून २० मिनिटांच्या आसपास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजाच्या जेमतेम अडीच-तीन अंश वर असतो. फोटोग्राफरला ही पर्वणीच, दिवसभर तिरकं सोनेरी ऊन. पण त्या सोन्यापायी माणूस अंधार पडेपर्यंत थांबतो, आणि अंधारात गोठलेल्या वाटेवरून परततो. पहिल्यांदा जाणार असाल तर फेब्रुवारीची अखेर निवडा. बर्फ असतो, आणि दिवसही सुमारे दहा तासांचा मिळतो.

पायरी २: कपडे

जीन्स नको. सुती बनियनही नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. पँटीवर कंजुषी करू नका. ट्रायपॉड लावताना तुम्ही गुडघ्यावर बसणार, आणि गुडघा नेमका ओल्या बर्फावर टेकणार. छत्री घरीच ठेवा, तिथल्या वाऱ्यात तिची काडी न् काडी होते.

बूट जरा सैल हवेत. दोन-दोन मोजे घालून पाय घट्ट कोंबला की रक्त खेळत नाही आणि बोटं लवकर गारठतात. हातमोज्यांचे दोन जोड घ्या. आत बटणं दाबता येतील असे पातळ, आणि वरून चारही बोटं एकत्र राहतात तसे जाड. पातळ मोज्यांचा आणखी एक कोरडा जोड खिशात असू द्या, पहिला भिजणारच आहे. हात शेकायच्या पुड्या मिळतात, त्यांत लोहाची भुकटी असते आणि हवा लागली की ती तापते. त्या मोज्यात ठेवा, पण थेट कातडीला लावू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही.

पायरी ३: पायाखाली खिळे

बुटांवर चढवायची रबराची पट्टी आणि तिला साखळीने जोडलेले पोलादी दात, याला गिर्यारोहक मंडळी मायक्रोस्पाइक म्हणतात. आइसलँडमध्ये असल्या खिळ्यांना ‘मान्नब्रोद्दार’ म्हणतात, शब्दशः माणसाचे खिळे. नाव लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडतं. रबरात नुसत्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा असलेला स्वस्त प्रकारही मिळतो. तो शहरातल्या फुटपाथवर ठीक आहे, धबधब्यापाशी नाही.

खिळे वाहनतळावरच चढवा. गुल्फॉस धबधब्याच्या वाहनतळावर मी दहा मिनिटं नुसता उभा होतो, तेवढ्यात तीन माणसं गाडीतून उतरताक्षणी आपटली. तिघांचेही खिळे पिशवीत होते, पुढे गरज पडली तर घालू म्हणून ठेवलेले. गरज पडते तेव्हा तुम्ही उतारावर एका पायावर उभे असता.

गाडीबद्दलही इथेच सांगून टाकतो. गाडी तोंड वाऱ्याकडे करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरं वाकणं तिथे नेहमीचं आहे, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत.

पायरी ४: पहिली दहा मिनिटं रिकाम्या हातांनी

कॅमेरा पिशवीत, पिशवी पाठीवर, हात मोकळे. धबधबा दिसेल अशा पण कोरड्या जागी उभे राहा आणि फक्त बघा.

तुषार कुठवर येतात? वारा झोतात येतो की सलग? झोतात येत असेल तर दोन झोतांमध्ये किती सेकंद मिळतात? कठड्याकडे बघा. कठड्याच्या ज्या बाजूला बर्फाची दाढी लोंबत असते, त्या बाजूने तुषार येतात, आज नसतील तर काल आलेले असतात. जमिनीकडे बघा. भुसभुशीत पांढरा बर्फ पाय धरतो. राखाडी, चकाकणारा, गुळगुळीत भाग म्हणजे तुषार गोठून झालेली काच. आणि ज्या दगडाभोवती सगळीकडे बर्फ आहे, पण जो स्वतः काळा कुळकुळीत आणि ओला दिसतो, त्याच्यावर सगळ्यांत कमी भरवसा ठेवा. बुटाच्या टोकाने किंवा काठीने टोकून पाहा. टणक, कोरडा ‘टक्’ आवाज आला आणि टोक सटकलं तर वर काच आहे.

स्कोगाफॉसला हे शिकायला चांगलं मैदान आहे. साठ मीटर उंच आणि पंचवीस मीटर रुंद अशी सलग भिंत कोसळते, आणि समोर नदीचं सपाट, गोट्यांचं पात्र. लांबून सगळं सुरक्षित वाटतं. लोक फोटोत धबधबा मोठा यावा म्हणून पुढे पुढे सरकतात आणि एका अदृश्य रेषेपाशी चिंब होतात. ती रेषा वाऱ्यागणिक सरकते. मी तिथे उभा होतो तेव्हा ती माझ्या दहा पावलं पुढे होती, म्हणून निर्धास्त ट्रायपॉड लावला. वारा फिरला आणि पंधरा-वीस सेकंदांत लेन्स, फिल्टर, चष्मा, सगळ्यावर बारीक मोत्यांसारखे थेंब आले. पुसायला जाईपर्यंत ते गोठले होते. दहा मिनिटं नुसतं बघितलं असतं तर वारा दर पाच-सहा मिनिटांनी फिरतोय हे कळलं असतं.

उजव्या बाजूने वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. चढताना त्या सोप्या वाटतात. निर्णय उतरण्याचा विचार करून घ्या.

पायरी ५: कुठे उभं राहायचं नाही

ही यादी माझ्या दृष्टीने लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, कारण खालच्या जागा दिसायला सगळ्यांत सुंदर असतात.

पाण्याच्या काठावरचा पांढरा ओटा. तुषार गोठत गोठत काठापासून पाण्यावर बर्फाचा सज्जा वाढतो. वरून तो जमिनीचाच भाग वाटतो, वर ताजा बर्फ पडला की तर सांधाही दिसत नाही. खालून पाणी त्याला खात असतं, आत पोकळी असते. पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते हे निश्चित सांगता येत नसेल, तर काठापासून चांगलं लांब थांबा. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, माणूस पाण्याखाली असतानाच धापा टाकतो. तेवढं मिनिट तरला, तर हातपाय कामाला येतील अशी साधारण दहा मिनिटं असतात. बुडणं बहुधा गारठून शुद्ध जाण्याच्या कितीतरी आधी होतं. आणि सोबतचा पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. ११२ लावा, आणि काठावर आडवे पडून पट्टा, दोरी, ट्रायपॉड, जे हाताला लागेल ते पुढे करा.

बर्फाच्या झुंबरांखाली. सेल्यालँड्सफॉसच्या मागून जाणारी पायवाट उन्हाळ्यात जगप्रसिद्ध आहे. साठ मीटरवरून पडणाऱ्या धारेच्या मागे उभं राहून बाहेर बघता येतं. हिवाळ्यात ही वाट बरेचदा बंद असते, कारण वाटेवर काच आणि डोक्यावर लोंबणाऱ्या कड्याला माणसाएवढ्या लांब बर्फाच्या सुया. पारा शून्याच्या वर गेला किंवा त्यांच्यावर ऊन आलं की त्या सुटतात, आवाज न करता. साखळी लावलेली असते आणि तिच्याखालून वाकून जाणारे लोकही दिसतात. त्यांना बघून आपण जायचं नाही. ही सवय आपल्याकडच्या लोकांना काश्मीरमध्येही लागते. गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गजवळ द्रुंगचा धबधबा हिवाळ्यात गोठतो, आणि सगळ्यांना त्या लोलकांच्या अगदी खाली उभं राहून फोटो हवा असतो. सकाळच्या सावलीत ते घट्ट असतात, ऊन वर आल्यावर भरवसा नाही. लांबून मोठी लेन्स लावा, माणूस आणि लोलक जवळ आल्यासारखे दिसतात, फोटोही जास्त चांगला येतो.

कड्याच्या कडेवरचा बर्फ. वाऱ्याने बर्फ कड्याच्या बाहेर साचतो, घराच्या वळचणीसारखा. त्याच्याखाली दगड नसतो. गुल्फॉसची नदी दोन टप्प्यांत मिळून ३२ मीटर खाली एका अरुंद घळीत कोसळते, आणि घळीतून तुषार वर उडून वरच्या वाटांवर गोठतात. धारेजवळ नेणारी खालची वाट हिवाळ्यात दोरी लावून बंद करतात. ‘बंद’ लिहिलेलं असलं की आपल्याला त्यात वाटाघाटीची जागा दिसते, हा आपला राष्ट्रीय गुण. तिथे ती सवय आवरा.

आणि चालताना मोबाइलच्या पडद्यातून बघत मागे सरकणं. याला थंडीची गरज नाही, पण काच पायाखाली असताना दुसरी संधी मिळत नाही. थांबा, फोटो काढा, कॅमेरा खाली घ्या, मग पाऊल टाका.

पायरी ६: कॅमेरा सांभाळा, पण शरीरानंतर

बॅटरी थंडीत लवकर ‘उतरते’ म्हणतात, ते अर्धंच खरं. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, म्हणून ती रिकामी असल्यासारखी वागते. खिशात ऊब दिली की बराचसा जीव परत येतो. दोन जास्तीच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा आणि आळीपाळीने वापरा. फोनही तिथेच. आयफोनसाठी त्याची कंपनी वापराचं तापमान शून्य ते ३५ अंश सांगते, म्हणजे तिथे आपण बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या काठावर किंवा खालीच असतो. फोन अचानक मेला तर फोटो गेला याचं दुःख नाही, ११२ गेला याचं आहे.

लेन्सला हूड लावा. फोटो काढत नसताना लेन्स खाली आणि वाऱ्याकडे पाठ. हॉटेलात मिळणारी अंघोळीची प्लॅस्टिक टोपी कॅमेऱ्यावर घातली की काम होतं, मी त्यासाठी पैसे देऊन काही घेतलेलं नाही. थेंब ओला असेपर्यंत मायक्रोफायबरने टिपा. गोठला की घासू नका आणि फुंकरही मारू नका, श्वासातली वाफ त्यावर आणखी एक थर चढवते. हात शेकायची पुडी रबरबँडने लेन्सच्या नळीला बांधून ठेवली तर काच जरा उबदार राहते आणि थेंब गोठत नाहीत. फिल्टर घट्ट पिळू नका, आट्यांमध्ये पाणी गोठलं की तो घरी जाईपर्यंत सुटत नाही. माझा तर तिथेच सोडवायच्या खटपटीत फुटला.

ट्रायपॉडचे पाय धातूचे असतील तर वरच्या भागाला फोम गुंडाळा. ओल्या बोटांनी गार धातू धरला तर कातडी चिकटते. पायांचे सांधे पिळून बंद होणारे असतील तर पाण्यात बुडवू नका. स्कोगाफॉसला मी पात्रात पाय रोवले होते. निघताना सांध्यांत बर्फ, पाय मिटेनात. शेवटी ते लांबलचक धूड तसंच मागच्या सीटवर आडवं टाकलं, आणि एक पाय पुढे बसलेल्या मित्राच्या कानाशी. पुढच्या तीस किलोमीटरमध्ये त्याने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोटोच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडकंच. भरपूर बर्फ चौकटीत असला की कॅमेरा सगळं राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पाणी रेशमासारखं हवं तर शटर पाव ते एक सेकंद उघडं ठेवलं की पुरतं. वाऱ्यात ट्रायपॉड थरथरतो, अशा वेळी शटर वेगवान ठेवून धारेची ताकद टिपा. तीस सेकंदांचे एक्सपोजर तुषारांमध्ये करू नका, तेवढ्यात लेन्स भिजतेच.

पायरी ७: परत कधी फिरायचं

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावून बघा. दर दहा मिनिटांनी, दोन्ही हातांनी. लागत नसेल तर सगळं आवरून गाडीकडे. बोटं ‘थोडी आखडली’ म्हणून आपण सोडून देतो, पण याच बोटांनी तुम्हाला खिळ्यांचा पट्टा, गाडीची किल्ली आणि फोन हाताळायचा असतो.

दुखणारी बोटं बरी, दुखायची थांबलेली वाईट. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल, बोटांची टोकं पांढरट किंवा मेणासारखी दिसायला लागली की एकमेकांना सांगा, स्वतःचं स्वतःला दिसत नाही. अशा वेळी चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, हीटरपुढे किंवा शेगडीवरही धरायचं नाही. हात काखेत घाला. संवेदना परतली नाही, फोड आले किंवा भाग कडक झाला तर डॉक्टर.

त्याहून मोठी खूण वागण्यात दिसते. मित्र अडखळून बोलायला लागला, झिपर लावता येईना, उगाच चिडचिड करू लागला, ‘मला काही होत नाहीये, तुम्ही व्हा पुढे’ म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. हुडहुडी भरणं म्हणजे शरीर अजून लढतंय. थंडी तेवढीच असताना हुडहुडी थांबली आणि माणूस पेंगुळला तर ११२ लावा. तोवर ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्याच्या आड न्या, नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू नाही, कितीही ऊब येते असं वाटलं तरी. थर्मासमध्ये गोड चहा आणि खिशात शेंगदाण्याची चिक्की ही माझी सोय. मोजे न काढता तोडता यावी म्हणून तुकडे आधीच करून ठेवतो.

पायरी ८: खोलीवर परतल्यावर

गार कॅमेरा उबदार खोलीत उघडा ठेवला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा बाहेरून आणि आतूनही ओला होतो. म्हणून बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा आणि लेन्स झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, मगच आत या. दव पिशवीच्या बाहेर जमतं. दोन तास तरी उघडायचं नाही. फोटो बघायची घाई असतेच, कार्ड त्यासाठीच आधी काढलं.

गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलेल्या लिथियम बॅटरीत आत धातू साचतो आणि ती कायमची खराब होते. जेवण होईपर्यंत टेबलावर पडू द्या. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून न्हाणीघरात उलटे टेकवा, पाणी निथळू द्या. खिळे धुऊन, पुसून वाळत घाला आणि साखळीची एकेक कडी हाताने ओढून बघा. वाकलेली कडी आज टिकली म्हणजे उद्या टिकेलच असं नाही, आणि बदली जोड मिळणारं दुकान सकाळी किती वाजता उघडतं ते झोपण्याआधी विचारून ठेवा.